कॅननचा आर१० की आर८? की आहे त्यावरच भागवू?

सावकाश
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय, सांभाळून घ्या. माझ्याकडे कॅननचा १२००डी कॅमेरा आहे, सोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आणि नंतर घेतलेली ५५-२५०, एवढाच संसार. आता मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्यायचं मनात आहे आणि रिव्ह्यूचे व्हिडिओ बघून बघून डोकं आउट झालंय. कॅननमध्येच राहायचं ठरवलंय, पण आर१० आणि आर८ मध्ये अडकलेय. जो तो म्हणतो फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) आहे, डोळे मिटून आर८ घे. वजनातही फार फरक नाही, आर१० बॅटरीसकट ४२९ ग्रॅम आणि आर८ ४६१. काय काढते म्हणाल तर सगळंच हो, मुलगी बॅडमिंटन खेळते तिचे मॅचचे फोटो, पक्षी, शिवाय फिरायला गेलं की तिथले. बजेट एक बॉडी आणि फार तर दोन लेन्स, त्याच्या वर नाही. कुठला घेऊ?

छत्तीसचोवीस
आर८. विषय संपला. तुमच्या आत्ताच्या सेन्सरच्या अडीच पटीहून जास्त क्षेत्रफळ आहे त्याचं, अंधारात फरक डोळ्याला दिसतो. एकदा फुलफ्रेम वापरलं की मागे फिरणं नाही.

तिरकस
विषय संपला असेल तर धाग्याला कुलूप लावा की. :)

रानभूल
थांबा थांबा. पक्षी म्हणताय आणि आर८? तुमच्याकडे २५० च्या पुढे लेन्स नाही. दोन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे, पण आर१० चा सेन्सर लहान (क्रॉप). एकच लेन्स दोन्हींवर लावून लांबचा तोच पक्षी काढला तर आर१० मध्ये त्याच्यावर जेवढे पिक्सेल पडतात तेवढे आर८ मध्ये पडतच नाहीत, आर८ चा फोटो तेवढाच कापला तर हातात ९-१० मेगापिक्सेल उरतात. पक्षीवाल्याला क्रॉप सेन्सर म्हणजे कमीपणा नाही, उलट सोय आहे. आर१० आणि आरएफ १००-४०० घ्या, ६३५ ग्रॅमची लेन्स आहे, दिवसभर गळ्यात राहते. मात्र ४०० ला ती एफ/८ आहे (एफचा आकडा जेवढा मोठा तेवढा प्रकाश कमी), म्हणजे सकाळी उन्हं वर आल्याशिवाय झाडीत काही करू नका.

छत्तीसचोवीस
@रानभूल आणि बॅडमिंटनचं काय? एफ/८ ने हॉलमध्ये काय काढणार, स्कोअरबोर्ड?

काजवा
सावकाश, एक विचारू का, राग मानू नका. तुम्ही "सगळंच काढते" म्हणालात, पण सगळंच कोणीच काढत नाही. कॅमेरा ठरवायच्या आधी एक काम करा, तुमचे जुने फोटो उघडा. लाइटरूम असेल तर वरच्या फिल्टरमध्ये मेटाडेटात (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) फोकल लेंग्थचा (लेन्स किती मिमीला होती त्याचा) कॉलम लावता येतो, नसेल तर डिजीकॅम फुकट आहे, त्यातही होतं. जे फोटो तुम्ही ठेवलेत, कोणाला पाठवलेत, प्रिंट केलेत तेवढेच घ्या आणि बघा कुठल्या फोकल लेंग्थला काढलेत, शटर किती (सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) किती. मग दुसरा ढीग काढा, ज्यांच्यावर तुम्ही हळहळलात त्यांचा, आणि प्रत्येकाला कारण लिहा. हात हलला, ती हलली, फोकस मागच्या भिंतीवर गेला, दाणे आले, लांब होतं, उशीर झाला. ह्या सहा कारणांना सहा वेगवेगळी औषधं आहेत आणि त्यातली निम्मी नवीन बॉडी घेऊन मिळत नाहीत. तो ढीग बघितल्याशिवाय आर१० की आर८ ह्याला कोणी उत्तर देत असेल तर तो स्वतःच्या फोटोंबद्दल बोलतोय, तुमच्या नाही.

छत्तीसचोवीस
टोमणा पोचला. :)

पाऊणवाट
काजवांना +१, पण त्यांच्या यादीत सातवं कारण राहिलं, कॅमेरा घरीच होता. हे मेटाडेटात कुठेच दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही. माझ्याकडे मोठा सेटप होता तो देऊन टाकला आणि रिको जीआर ३ घेतला. २८ मिमीच्या हिशोबाची एकच लेन्स, एफ/२.८, सेन्सर तुमच्या एवढाच म्हणजे एपीएस-सी, आणि बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, शर्टाच्या खिशात मावतो. झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही, स्क्रीन वळत नाही. पण त्यात स्नॅप फोकस आहे, म्हणजे अंतर आधीच ठरवून ठेवायचं. मी २ मीटरवर ठेवतो आणि एफ/८, मग साधारण १ मीटरपासून पार लांबपर्यंत चालून जातं, कॅमेऱ्याला फोकस शोधायला वेळच लागत नाही, बटण पूर्ण दाबलं की फोटो झालेला असतो. रस्त्यावरच्या फोटोंना ह्याच्यासारखं सुख नाही. पक्ष्याला मात्र ह्याने काढायचं तर पक्ष्यानेच येऊन खांद्यावर बसायला हवं.

तिरकस
फोन पण २४-२६ मिमीचाच असतो की मेन लेन्सला, खिशातही असतो. मग हा वेगळा कशाला?

पाऊणवाट
रास्त प्रश्न आहे. स्थिर गोष्ट असेल तर फोन खरंच पुरतो, तो पाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेऊन एकत्र करतो त्यामुळे रात्रीचा रस्तासुद्धा छान येतो. समोरचा हलायला लागला की त्या फ्रेम एकमेकींवर बसत नाहीत आणि चेहऱ्याचं पीठ होतं. शिवाय फोन स्वतःच ठरवतो शटर किती ठेवायचं. मला १/५०० हवा म्हणजे १/५००च हवा.

किडामुंगी
मॅक्रोवाले कोणी नाहीत वाटतं इथे. असो, विषय निघालाच आहे तर, छोट्या सेन्सरला नावं ठेवणाऱ्यांनी कधी मुंगीचा फोटो काढून बघावा. फुलफ्रेमवर मुंगीचा डोळा फोकसमध्ये असला तर पाय नसतात. ऑलिंपसची टीजी मालिका बघा, त्यातला मायक्रोस्कोप मोड लेन्सच्या काचेपासून १ सेंटीमीटरवर फोकस करतो आणि वर पाण्यात १५ मीटरपर्यंत चालतो. सेन्सर नखाएवढा आहे, आयएसओ चढवला की बोंब, पण भर उन्हात किडे काढणाऱ्याला काय फरक पडतो. सावकाशताईंच्या कामाचा नाही, माहितीसाठी टाकलं.

सावकाश
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काजवा, राग कसला, उलट तुम्ही सांगितलेलं काम करून आलेय. निकाल जरा गमतीशीर आहे. पक्ष्यांचे फोटो खूप आहेत पण ठेवलेले अगदी थोडे, आणि ते सगळेच्या सगळे २५० ला काढलेले, तरीही क्रॉप केलेले. फिरायला गेल्यावरचे जवळपास सगळे १८ ते २४ मध्ये, मधलं काही वापरतच नाही मी. आणि मोठ्ठा ढीग निघाला बॅडमिंटनचा, ठेवलेल्यात पण तोच मोठा आणि हळहळीचा पण तोच. त्यात बहुतेक ठिकाणी ९० ते १३५, एफ/५.६, शटर १/२०० आणि आयएसओ ६४००, कारण त्याच्या वर माझा कॅमेरा जातच नाही, म्हणजे सेटिंगमधून एक वाढीव १२८०० करता येतो पण तो बघवत नाही. चेहरा बरा येतो, हात आणि रॅकेट गायब. आता सांगा.

काजवा
वा, हे झालं काम. आता गणित सोपं आहे, बघा.

चेहरा बरा आणि हात गायब म्हणजे तुमचा हात हललेला नाही, ती हललीय. इथे स्टॅबिलायझेशनचा काही उपयोग नाही, ते फक्त तुमचा हात धरतं, मुलीला नाही. (कोणी कॅननचा आर७ सुचवायला येईल बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे म्हणून, त्यांच्यासाठी हे आधीच लिहून ठेवतोय. आर१० आणि आर८ दोन्हीत बॉडीमध्ये ते नाही, आणि ह्या कामाला नसलं तरी अडत नाही.) स्मॅश थांबवायला निदान १/१००० पाहिजे. १/२०० वरून १/१००० म्हणजे प्रकाश पाचावा हिस्सा. आहे तीच लेन्स ठेवली तर आयएसओ ३२००० लागेल. आता फुलफ्रेम घेतला आणि त्यावरही एफ/५.६ चीच लेन्स लावली, तर सेन्सरचा अडीच पटीचा फायदा धरून ते ३२००० तुमच्या आत्ताच्या १२-१३ हजारासारखं दिसेल, नवीन सेन्सर म्हणून अजून थोडं बरं, पण तुम्हीच म्हणताय की १२८०० बघवत नाही. उलट आत्ताच्याच बॉडीवर ८५ एफ/१.८ लावली तर एफ/५.६ च्या जवळजवळ दहा पट प्रकाश आत येतो. म्हणजे १/१०००, एफ/१.८, आयएसओ ३२००. शटर पाच पट वेगवान झालं आणि आयएसओ निम्मा झाला, बॉडी न बदलता.

कॅननची ईएफ ८५ एफ/१.८ यूएसएम १९९२ सालची लेन्स आहे, फोकस भरभर करते, सेकंडहँडमध्ये भरपूर सापडते. आणि उद्या आर१०, आर८ काहीही घेतलं तरी कॅननच्या अडॅप्टरवर ऑटोफोकससकट चालते, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत. तुमचे ९०-१३५ हे आकडे ह्याच बॉडीवरचे आहेत, म्हणजे ८५ त्या पट्ट्याच्या अगदी सुरुवातीला येते, लांबचं असेल तर थोडं क्रॉप करा. कोर्टाची लांबी १३.४ मीटर असते. समोरच्या बेसलाइनमागे उभ्या राहिलात तर ती तुमच्यापासून साधारण १० मीटरवर असेल, कॅमेरा उभा धरला तर उंचीत अडीच मीटरच्या वर मावतं, म्हणजे रॅकेट वर करून उडी मारली तरी आत.

छत्तीसचोवीस
गणित मान्य. पण तुम्ही एक गोष्ट गाळताय. ८५ एफ/१.८ ला १० मीटरवर फोकसची खोली (जेवढ्या अंतरातलं धारदार येतं ती) जेमतेम एक मीटर, ती ८ मीटरवर आली की अर्धा-पाऊण. आणि १२००डी मध्ये ९ फोकस पॉइंट, त्यातला क्रॉस टाइप फक्त मधला. पळणारी मुलगी, एवढीशी खोली आणि एक भरवशाचा पॉइंट, वर सेकंदाला ३ फ्रेम. आर१० असो की आर८, दोघेही डोळा पकडून बसतात, तुम्ही फक्त फ्रेम सांभाळायची. लेन्स प्रकाश देईल हो, पण ती फोकस कुठे करायचा ते सांगत नाही.

काजवा
हे शंभर टक्के खरं आहे, म्हणूनच म्हणतो लेन्स आधी. लेन्स आली की फोकस चुकलेले आणि प्रकाशाने मेलेले फोटो वेगवेगळे दिसायला लागतील, मग बॉडी कशासाठी घेतोय ते तरी कळेल. आत्ता सगळा एकत्र चिखल आहे.

चष्मिष्ट
मध्येच तोंड घालतोय. कुठलाही मिररलेस घ्यायच्या आधी डोळ्याला लावून बघा, दुकानात जाऊन, चष्म्यासकट. आर१० आणि आर८ दोन्हींचा व्ह्यूफाइंडर २३.६ लाख डॉट्सचा आहे, डॉट्स सारखेच, पण चष्म्यातून चारही कोपरे एकदम दिसतात का हे कागदावर कळत नाही. अजून एक, तुम्ही डाव्या डोळ्याने बघत असाल (मी बघतो) तर नाक थेट टचस्क्रीनवर टेकतं आणि फोकस पॉइंट आपोआप पळायला लागतो! कॅमेऱ्यात भूत आहे असं वाटतं. मेनूत जाऊन टचचा भाग उजव्या अर्ध्यापुरता ठेवता येतो किंवा सरळ बंद करता येतो. रिव्ह्यूवाले सगळे उजव्या डोळ्याचे असावेत, एकानेही कधी सांगितलं नाही.

रानभूल
चष्मिष्ट, मी पण डावऱ्या डोळ्याची, अगदी अगदी झालं. :D

बॅटरीचं पण कोणी बोललं नाही. आरशाच्या कॅमेऱ्यात नुसतं बघत बसलं तर बॅटरी खातच नाही, मिररलेसमध्ये बघणं म्हणजेच खर्च. निकॉन डी८५० चा अधिकृत आकडा १८४० फोटोंचा आहे, मिररलेसमध्ये तीन-चारशे असले तरी लोक खूश असतात. प्रत्यक्षात बर्स्टमध्ये काढलं तर आकड्यापेक्षा कितीतरी जास्त निघतात, पण पक्षी येईपर्यंत तासभर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसणाऱ्याने दोन जास्तीच्या बॅटऱ्या बजेटमध्ये धराव्यात. आर१०, आर८ दोन्हीत तीच छोटी एलपी-ई१७ येते.

काजवा
हॉलबद्दल एक राहिलं आणि ते महत्त्वाचं आहे. बऱ्याच हॉलमधले दिवे मेन्सच्या विजेबरोबर लुकलुकतात, ५० हर्ट्झ असेल तर सेकंदाला १०० वेळा. १/१०० किंवा त्याहून हळू शटरला निदान एक लुकलुक पूर्ण मावते म्हणून कळत नाही, १/२०० ला अर्धीच मावते पण तेवढ्यावर भागतं. १/१००० ला तुम्ही त्या लुकलुकीचा दहावा तुकडा पकडता, मग एक फोटो उजळ, पुढचा काळपट, तिसरा पिवळसर. कॅमेरा बिघडला म्हणून लोक सर्व्हिस सेंटरला जातात. कॅननने २०१४ च्या ७डी मार्क २ पासून अँटीफ्लिकर आणलं, त्यात कॅमेरा दिवा सगळ्यात उजळ असतानाच शटर सोडतो. १२००डी मध्ये ते नाही, आर१० मध्ये आहे. फक्त आर१० चा मेकॅनिकल शटरच वापरा, त्यालाही सेकंदाला १५ फ्रेम मिळतात, पुष्कळ झाल्या. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक लावलात तर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, तोपर्यंत रॅकेट पुढे गेलेली असते, फोटोत ती केळ्यासारखी वाकते, आणि एलईडी असतील तर अंगावर आडवे पट्टे येतात.

तिरकस
सोनीच्या ए९ ३ मध्ये ही भानगडच नाही, ग्लोबल शटर, २०२३ मध्ये जाहीर झाला. अख्खा सेन्सर एकदम वाचतो.

काजवा
आहे की, आणि त्या पैशात त्यांच्या बजेटमधल्या बॉडी-लेन्सचे दोन-तीन संच येतील. आर८ चं पण बघून ठेवा, त्यात पूर्ण मेकॅनिकल शटर नाहीच, पहिला पडदा इलेक्ट्रॉनिकच असतो आणि तसा सेकंदाला ६ फ्रेम. वरच्या ४० फ्रेमची जी जाहिरात बघितलीत ती सगळी इलेक्ट्रॉनिक शटरची.

छत्तीसचोवीस
हे ६ फ्रेमवालं खरंय. खेळासाठी आर८ चा आग्रह सोडतो. पोर्ट्रेट आणि फिरण्यासाठी मात्र अजूनही तोच म्हणेन.

सावकाश
अपडेट देतेय. ८५ घेतली, सेकंडहँड. इथेच जुन्या धाग्यात वाचलं होतं तसं घेताना टॉर्च मारून आतली काच बघितली, बुरशीचे धागे नव्हते, ॲपर्चरची पाती कोरडी होती, तेलाचे डाग नव्हते. काल मॅचला नेली. काजवा म्हणाले तसंच, १/१०००, एफ/१.८, आयएसओ ३२००, मधला पॉइंट. रॅकेटच्या जाळीचे दोरे मोजता येतायत काही फोटोंत! आणि छत्तीसचोवीस म्हणाले तेही तसंच, ती नेटकडे पळत आली की फोकस मागे राहतो, बेसलाइनवर उभी असताना चांगले येतात. शिवाय एकाच रॅलीतले तीन फोटो तीन रंगांचे. काळा, पिवळा, बरा. लेक म्हणाली आई ह्यात मला कावीळ झालीय.

काजवा
रॉ मध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असाल तर व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) एकेका फोटोला सुधारता येईल, पण कंटाळवाणं काम आहे. ती पळत येते तेव्हा एफ/२.५ करून बघा, आयएसओ ६४०० होईल पण खोली थोडी वाढेल. आणि एआय सर्व्होवर (हलणाऱ्याच्या मागे सतत फोकस करणारा मोड) आहे ना? वन शॉटवर ठेवलं असेल तर बटण अर्धं दाबताच फोकस गोठतो.

सावकाश
सर्व्होवरच आहे. एफ/२.५ पुढच्या मॅचला करून बघते.

म्हणजे मला समजलं ते असं, माझी अडचण आता फोकस आणि फ्लिकर, दोन्हीचं उत्तर आर१० मध्ये आहे, त्याला फुलफ्रेम लागत नाही. पक्ष्यांना पण आर१०च सोयीचा. ८५ अडॅप्टरवर चालेल, म्हणजे नवीन लेन्स एकच घ्यायचीय. मग १००-४०० घेऊ की फिरण्यासाठी सिग्मा १८-५० एफ/२.८? कारण माझे फिरण्याचे फोटो सगळे १८-२४ मध्येच आहेत.

रानभूल
१००-४००. पक्ष्यांचे ठेवलेले फोटो थोडे आहेत ते तुम्हाला आवडत नाहीत म्हणून नाही, २५० पुरत नाही म्हणून.

पाऊणवाट
फिरण्याचे १८-२४ मधले फोटो उन्हातले आहेत का संध्याकाळचे? उन्हातले असतील तर जुनी १८-५५ त्याच अडॅप्टरवर लावा, एफ/८ ला ती आणि सिग्मा लांबून ओळखू येणार नाहीत.

सावकाश
बघितलं. जवळपास सगळे दिवसाचे, एफ/८ च्या आसपास. मग १००-४००च. आता १२००डी ला कोणी गिऱ्हाईक मिळतंय का बघते, बॉडी आणि ५५-२५०.

तिरकस
शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) लिहा, नाहीतर पहिल्या दहा प्रतिसादांत तेवढंच विचारतील.

किडामुंगी
५५-२५० विकू नका हो, तिच्यापुढे क्लोजअपचं भिंग लावलं की फुलपाखरं झकास येतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.